फेरीबोट, भात आणि सायकल: गोव्यात मुलांच्या शरदातल्या सायकलफेऱ्या कशा आखाव्यात

गणपतीची चवथ सरली की मुले सायकली पुसून दारात उभी करतात आणि पहिली फेरी केव्हा, असा लकडा लावतात. मुलांचे सायकलमंडळ चालवणाऱ्याने मात्र या वेळी थोडा धीर धरावा. गोव्यातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात किंवा मध्यावर माघारी फिरतो आणि त्यानंतरही काही आठवडे दुपार कलल्यावर गडगडाटासह सरी येत राहतात. म्हणून बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या मंडळाने आपला हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू करून कार्तिकातल्या त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत न्यावा, असे माझे मत आहे. या काळात सहामाही परीक्षा उरकलेल्या असतात, दिवाळीची सुटी हाताशी असते, भात पिकून पिवळे झालेले असते आणि पाणथळींवर स्थलांतरित पक्षी उतरू लागतात.

फेरी आखताना नव्या चालकाचा पहिला प्रश्न बहुधा "किती किलोमीटर?" हाच असतो. माझ्या अनुभवात हा प्रश्न शेवटी विचारण्याचा आहे. आधी फेरीबोटीची वेळ, मग भाताची कापणी, मग आकाश आणि मग आपल्या गटातला सर्वांत हळू चालणारा मुलगा, या चार गोष्टींची उत्तरे मिळाली की किलोमीटर आपोआप ठरतात. पंचवीस मुलांच्या गटाला सपाट रस्त्यावर ताशी दहा ते बारा किलोमीटरहून अधिक वेग धरवत नाही आणि त्यातही थांबे, पंक्चर, पाणी आणि गप्पा यांत निम्मा वेळ जातो. हे लक्षात घेतले तर पंधरा ते वीस किलोमीटरची फेरी सकाळभर पुरते.

मार्गाची निवड

राष्ट्रीय महामार्ग ६६ टाळावा, हे मुद्दाम सांगायला नको. तो ओलांडावाच लागला तर सिग्नल असलेल्या ठिकाणी, सर्वांनी उतरून आणि सायकल हाताने ढकलत ओलांडावा. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी आणि तिचाकी वाहनांना बंदी असल्यामुळे तो मार्ग आपल्या विचारातही येऊ नये. डिचोली आणि साखळीच्या खाणपट्ट्यात मालवाहू ट्रकांची वर्दळ असलेले रस्ते मुलांच्या गटासाठी योग्य नाहीत. तिथे जायचेच असेल तर रविवारी सकाळी जावे आणि आदल्या रविवारी त्याच वेळी स्वतः तो रस्ता पाहून यावे. खरे तर कोणताही मार्ग आदल्या आठवड्यात सायकलनेच पाहावा. मोटारीतून पाहिलेल्या रस्त्याला चढ नसतो आणि खड्डेही फारसे नसतात.

सुरुवातीला तिसवाडी तालुक्यातली बेटे सर्वांत सोयीची आहेत, कारण बेटावर वाहने मोजकी असतात आणि नदी आपोआप सीमा आखून देते. माझी सर्वांत आवडती फेरी जुन्या गोव्याहून दिवाडीमार्गे नार्व्याची आहे. व्हाईसरॉयच्या कमानीखालून उतरणारा रस्ता थेट फेरीधक्क्यावर जातो. तिथून दिवाडीत उतरल्यावर दोन्ही बाजूंना खाजनशेते, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेते, असलेला सरळ रस्ता लागतो. पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंतचा चढ छोटा असला तरी खडा आहे, त्यामुळे लहान मुलांना तो पायी चढू द्यावा. बेटाच्या पलीकडच्या टोकाला दुसरी फेरीबोट मिळते आणि ती डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला सोडते, जिथे धक्क्यापासून थोडे आत गेल्यावर श्रीसप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. सप्तकोटेश्वराचे जुने देवस्थान दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव नदी ओलांडून या काठावर आला आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये मंदिराचे काम सुरू करविले. तिथला शिलालेख शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीचा आहे, म्हणजे आपला हंगाम संपतो त्या पौर्णिमेनंतर लगेचचा. मुलांना हा इतिहास घाटावर बसवून सांगण्यापेक्षा दुसऱ्या फेरीबोटीत, पाण्याच्या मध्यावर सांगावा. देव कोणत्या वाटेने गेला हे त्यांना त्या वेळी हात लांबवून दाखवता येते. ही फेरी जाऊनयेऊन वीस किलोमीटरच्या आत बसते.

चोडणची फेरी त्याहून सोपी आहे. पणजीकडून येणाऱ्यांना आधी रायबंदरचा बांध लागतो, जो लिन्यारेस नावाच्या व्हाईसरॉयच्या कारकिर्दीत १६३३–३४ च्या सुमारास बांधला गेला. त्याच्या कडेच्या मिठागरांत या दिवसांत मीठ दिसणार नाही, नुसते पाणी दिसेल, कारण मिठाचे काम उन्हाळ्याकडचे. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरताच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. ते अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे आहे आणि जवळपास सगळे खारफुटीचे आहे, त्यामुळे तिथे सायकली बाहेर कुलूप लावून ठेवाव्यात आणि आत पायी जावे. चिखलातून वर डोकावणारी श्वसनमुळे पाहून मुले ती तोडू पाहतात. आधीच सांगून ठेवावे.

करमळीचे तळे पक्ष्यांसाठी उत्तम आहे आणि करमळी रेल्वे स्थानकाजवळच असल्याने दूरच्या पालकांनाही सापडते. सूचना लिहिताना मात्र "तिसवाडीतली करमळी" असे स्पष्ट लिहावे. सत्तरी तालुक्यात ब्रह्मकरमळी आहे आणि तिथला ब्रह्मदेव मूळचा याच तिसवाडीतल्या करमळीचा, अशी ही दोन गावे एकमेकांशी बांधलेली असली तरी त्यांच्यामध्ये अर्धा गोवा पसरलेला आहे. एका वर्षी आमच्याकडचा एक पालक मुलाला घेऊन भल्या पहाटे सत्तरीतल्या वाळपईकडे निघाला होता आणि त्याची चूक नव्हती, सूचना मी लिहिली होती.

सत्तरीची वाट पंधरा वर्षांवरच्या आणि चढाची सवय असलेल्या मुलांसाठी राखावी. म्हादईच्या काठाचे रस्ते देखणे आहेत, पण तिथे चढ-उतार सतत आहेत, मोबाइलची रेंज अधूनमधून जाते आणि पावसाळ्यात वाहून आलेली जांभ्याची खडी वळणांवर पसरलेली असते. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो गोचिडांमुळे पसरतो. त्याचा काळ साधारण नोव्हेंबरपासून पुढे सुरू होत असल्याने पालापाचोळ्यावर बसणे, झाडीत शिरणे आणि मेलेल्या माकडाच्या जवळ जाणे या तिन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. जेवणासाठी देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा आधी विचारून ठेवावा.

भात, बांध आणि आकाश

शरदात गोव्याच्या गावरस्त्यांवर सर्वांत मोठी अडचण वाहनांची नसून भाताची असते. कापणी झाली की शेतकरी रस्त्याच्या एका बाजूला ताडपत्र्यांवर भात वाळत घालतो. त्यावरून सायकल नेणे हा अपघाताला आणि भांडणाला दोन्हींना आमंत्रण आहे, कारण दाणे चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात आणि धान्य तर कोणाच्या तरी वर्षाचे असते. अशा ठिकाणी वाटाड्याने हात वर करून गट थांबवावा, समोरून वाहन येत नाही ना हे पाहावे आणि सर्वांनी एकामागोमाग, हवे तर उतरून, उरलेल्या रस्त्यावरून जावे. काम करणाऱ्या माणसाला "येऊ का?" असे विचारले तर तो बहुधा ताडपत्रीचे टोक दुमडून वाट करून देतो. पीक किती झाले, कोणते भात, असे दोन शब्द मुलांनी बोलले तर फेरीचा तो सर्वांत चांगला थांबा ठरतो.

खाजनाच्या बांधावरच्या वाटा नकाशावर फार मोहक दिसतात. एके वर्षी मी अशीच एक वाट निवडली आणि रस्ता वाचेल म्हणून चौदा मुलांना बांधावर घातले. आदल्या संध्याकाळच्या सरीने वरची माती लोण्यासारखी झाली होती, मडगार्डमध्ये चिखल बसून चाके फिरेनात, आणि मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, पोचल्यावर पुढचा बांध खचलेला निघाला. आम्ही सायकली खांद्यावर घेऊन तासभर चालत परतलो, फेरीबोट चुकली आणि धक्क्यावर पालक ताटकळले. तेव्हापासून माझा नियम असा की बांधाची वाट सलग आठ दिवस कोरडी गेल्याशिवाय घ्यायची नाही आणि मानस ओलांडताना कोणीही सायकलवर बसायचे नाही.

विजेबाबत थोडी सक्ती हवीच. खाजनात आजूबाजूला उंच काहीच नसते, सायकलवरचा मुलगाच त्यातल्या त्यात उंच असतो. ढगांचा आवाज ऐकू आला की फेरी तिथेच थांबवून जवळच्या पक्क्या इमारतीत जावे. एकट्या झाडाखाली किंवा माडाखाली आसरा घेऊ नये. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती धोक्याइतकी जवळ आहे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये, हा हिशेब मुलांना पाठ असावा. या सरी बहुधा दुपारी तीननंतर येतात, म्हणून माझ्या सगळ्या फेऱ्या अकरा वाजेपर्यंत संपतात.

माडांच्या बागेतून जाताना आणखी एक गोष्ट पाहावी: वर पाडेली चढला असेल तर थांबून हाक द्यावी. नारळ पाडताना तो खाली पाहतोच असे नाही.

सायकलीची तयारी

महागडी गिअरची सायकल असणे आवश्यक नाही. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाले, वर्षानुवर्षे पाठीमागे पावांची मोठी पाटी बांधून साध्या सायकलीवर गाव पालथे घालत आले आहेत. सायकल आपल्या उंचीची असणे मात्र आवश्यक आहे. सीटवर बसून पॅडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला तर उंची बरोबर आहे. गुडघा वाकलेला राहिला तर सीट वर करावी.

पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या सायकलीच्या केबल खाऱ्या हवेने आतून गंजतात आणि हे वरून दिसत नाही. म्हणून हंगामाच्या पहिल्या रविवारी फेरी न काढता सर्वांना सायकली घेऊन एका अंगणात बोलवावे. ब्रेकची मूठ पूर्ण दाबली तरी हँडलला टेकता कामा नये, ब्रेकचे रबर झिजून लोखंड रिमला लागता कामा नये, आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली असता हँडलच्या मुळाशी खडखड होता कामा नये. टायरमध्ये हवा किती भरायची हे टायरच्या कडेवरच छापलेले असते. चेन आधी कोरड्या फडक्याने पुसावी, मग थेंबथेंब तेल सोडावे आणि जास्तीचे पुन्हा पुसून काढावे; खूप तेल ओतले की तांबडी धूळ चिकटून चेन लवकर झिजते. प्रत्येक मुलाने त्या दिवशी एकदा तरी चाक काढून पंक्चर काढलेच पाहिजे. नवी ट्यूब बसवण्यापूर्वी टायरच्या आतून हळूच बोट फिरवून खिळा किंवा काटा शोधायला शिकवावे, कारण तो आतच राहिला तर दहा मिनिटांत दुसरी ट्यूबही जाते.

हेल्मेटबाबत तडजोड नको. नसेल तर त्या मुलाला मंडळाने द्यावे, पण त्याशिवाय निघू देऊ नये.

फेरीचा दिवस

ऑक्टोबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या जरा आधी उगवतो आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पावणेसातच्या सुमारास. जमण्याची वेळ सव्वासहा ठेवली तर हजेरी, हवा आणि पाणी पाहून उजेडात निघता येते. पहाटेच्या रस्त्यावर दोन गोष्टी हमखास भेटतात. एक म्हणजे उबदार डांबरावर बसलेली गुरे. त्यांना वळसा घालताना शेपटीकडून जावे आणि घंटी वाजवू नये. दुसरी म्हणजे कुत्री. अंगावर आली तर वेग वाढवण्याऐवजी उतरावे, सायकल मध्ये धरावी आणि चालत पुढे जावे. रविवारी गावातल्या चर्चमध्ये सकाळची प्रार्थना असते आणि रस्त्याच्या कडेला गाड्या लागलेल्या असतात, तिथे दारे अचानक उघडतात, म्हणून हातभर अंतर ठेवून आणि आवाज न करता जावे.

गटाच्या पुढे एक मोठा माणूस वाटाड्या आणि अगदी मागे दुसरा. आमची मुले या मागच्याला "शेपूट" म्हणतात आणि ही जबाबदारी पंक्चर काढता येणाऱ्यानेच घ्यावी. वीस मुलांमागे किमान चार मोठी माणसे हवीत आणि त्यांतली एखादी बाई असावी, म्हणजे मुलींना काही अडचण सांगायला संकोच वाटत नाही. वाटाड्याच्या लगेच मागे सर्वांत हळू चालणारे मूल ठेवावे. सुसाट मुलांना हे जाचक वाटते, पण तसे न केल्यास गट दोन किलोमीटर लांब पसरतो आणि शेवटचे मूल थांब्यावर पोचते तेव्हा पहिले मूल निघायला उठलेले असते, म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज त्यालाच ती मिळत नाही. डाव्या बाजूने एकेरी रांग, दोन सायकलींमध्ये किमान दोन सायकलींचे अंतर, आणि "खड्डा", "गाडी मागे", "थांबा" हे तीनच शब्द पुढून मागे किंवा मागून पुढे पोचवायचे, एवढे पुरे आहे.

फेरीधक्क्यावर सर्वांनी उतरावे. ओहोटीच्या वेळी उतरण खडी होते आणि तिच्यावरचे शेवाळ विलक्षण निसरडे असते, त्यामुळे मोटारी आणि दुचाकी पूर्ण उतरून गेल्यावरच सायकली हाताने न्याव्यात आणि पुढचा नव्हे, मागचा ब्रेक दाबून धराव्यात. बोटीत कडेला उभे राहून सायकल हाताने धरून ठेवावी, कठड्याला टेकवून सोडू नये. गट मोठा असेल तर आधीच दोन तुकड्या पाडाव्यात आणि प्रत्येक तुकडीबरोबर मोठा माणूस द्यावा. परतीच्या बोटीची वेळ त्याच धक्क्यावर विचारून घ्यावी. दुपारच्या वेळी दोन बोटींतले अंतर कधी वाढते.

पाणी प्रत्येकाजवळ एक लिटर असावे आणि तासाला अर्धा लिटर प्यायले जात आहे ना, हे शेपटाने पाहावे. ऑक्टोबरची उष्मा फसवी असते: सकाळी दव असते आणि साडेनऊला डोके तापते. शहाळ्याचे, म्हणजे आपल्या आडसराचे पाणी वाटेत मिळाले तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर बाटली रिकामी नेऊ नये. न्याहारीला वाटेतल्या हॉटेलात पातळभाजी आणि पाव घ्यावा. चढ पुढे असेल तर मिरचीची भजी परतीसाठी ठेवावीत. प्रथमोपचाराच्या पेटीत जखम धुण्यासाठी स्वच्छ पाण्याची वेगळी बाटली ठेवावी, कारण बहुतेक जखमा खरचटण्याच्याच असतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक मुलांना ठाऊक असावेत. कापणीनंतर शेतातून उंदरांमागे साप निघतात. दंश झाला तर ना कापावे ना आवळून बांधावे, मुलाला न चालवता शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे.

सायकलीशिवायच्या भेटी

मंडळ टिकते ते फेऱ्यांइतकेच फेऱ्यांखेरीजच्या भेटींवर. नव्याने आलेली मुले रांगेत शेवटी राहतात, कोणाशी बोलत नाहीत, आणि दोन फेऱ्यांनंतर येईनाशी होतात. त्यांच्यासाठी दिवाळी ही सर्वांत चांगली संधी आहे.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मात्र सायकली बाहेर काढूच नयेत. गावोगाव नरकासुर उभे असतात, रस्ते पहाटेपर्यंत भरलेले असतात, आणि ते जाळल्यावर सांगाड्यातल्या तारा व खिळे दोन-तीन दिवस रस्त्यावर पडून राहतात. एका दिवाळीत आम्ही पाडव्याला निघालो आणि पहिल्या तीन किलोमीटरांत सहा पंक्चर काढली. म्हणून आमची पोह्यांची फेरी आता भाऊबीजेनंतरच्या रविवारी असते. एकाच गावातल्या चार-पाच मुलांची घरे आधी ठरवायची, प्रत्येक घरी पोह्यांचा एकच प्रकार करायला सांगायचा, कुठे दुधातले, कुठे ताकातले, कुठे रसातले, कुठे बटाट्याचे, आणि सर्वांनी सायकलने घरोघर जायचे. मुलाच्या आईला पंचवीस जणांचे ओझे वाटू नये म्हणून पोहे आणि नारळ मंडळाने आधी पोचवावेत. नव्या मुलाचे घर यादीत पहिले ठेवावे. आपल्या अंगणात सगळे आले की तो बोलू लागतो. घरात आजी असेल तर सर्वांनी तिला नमस्कार करून मगच ताटाला हात लावावा, हे आम्हाला कधी सांगावे लागले नाही.

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळच्या विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका सोडल्या जातात. हा कार्यक्रम रात्रीचा आणि गर्दीचा असल्याने तिथे सायकली नेऊ नयेत. पालकांसह बसने किंवा गाड्यांनी जावे. मुलांनी आठवडाभर आधी पुठ्ठा, बांबू आणि कागदाची स्वतःची छोटी नौका करावी. त्याच दिवशी सकाळी हरवळ्याचा धबधबा आणि तिथली लेणी पाहून घेता येतात. पाण्यात मात्र कोणालाही उतरू देऊ नये.

पालकांची लेखी संमती, मुलाचे आजार आणि औषधे, आणि घरच्या दोन माणसांचे क्रमांक एका वहीत हंगामाच्या आरंभीच लिहून घ्यावेत. वर्गणी अगदी माफक ठेवावी आणि तिचा हिशेब त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहावा.

परतल्यावर मुले लगेच पांगू पाहतात. त्यांना अर्धा तास थांबवून सायकली गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला तेल घालायला लावावे, विशेषतः फेरीबोटीतून आल्यावर, कारण खारट पाण्याचे शिंतोडे रात्रीतून गंज चढवतात. तोवर शेपटाने वहीतल्या नावांपुढे एकेक खूण करावी, आणि ज्यांना न्यायला कोणी आलेले नाही त्यांच्यासोबत धक्क्यावर बसून राहावे.